तुझ्या त्या नालायक जोईबद्दल

पुणे,
रविवार दुपार

प्रिय सुधा,

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. लेकीकडे गेलीस, सॅन फ्रान्सिस्को पायाखाली घातलंस, वर त्याच शहरातला १९५७ सालचा ‘पॅल जोई’ सिनेमा शोधून पाहिलास आणि मला एका ओळीत निकाल कळवलास: ‘गाणी छान, माणूस नालायक, दोघी बायका बिनडोक.’ पहिल्या दोन कलमांवर माझी सही घे. तिसऱ्यावर मात्र मी भांडणार आहे, आणि तुला माहीतच आहे, मी भांडायला बसले की पत्र लांबतं. चहा ठेव आणि वाच.

आधी या जोईचा जन्म कसा झाला ते सांगते, कारण तो पत्रांतूनच झाला. जॉन ओहारा नावाच्या अमेरिकन लेखकाने १९३८ पासून ‘द न्यू यॉर्कर’मध्ये काही गोष्टी लिहिल्या. गोष्टी म्हणजे पत्रंच. स्वस्त नाइटक्लबांत गाणारा, दोन कार्यक्रमांच्या मध्ये विनोद सांगणारा एक उडाणटप्पू आपल्या टेड नावाच्या मित्राला लिहितोय. टेडचा बँड जोरात चाललाय आणि याचं काही धड जमत नाही. पण बढाया ऐकाव्यात! मी हे गाजवलं, ती पोरगी माझ्यावर फिदा झाली, मालक माझ्या पाया पडला. शुद्धलेखनाची पार वाट लागलेली. आणि खाली सही, ‘पॅल जोई’, तुझा दोस्त जोई. गंमत अशी की तो जे लपवायला बघतो तेच त्याच्या वाक्यांतून गळत राहतं. वाचणाऱ्याला पहिल्या पानातच कळतं की याला नोकरीवरून हाकललंय. त्याचं त्यालाच कळत नाही की आपण हे सांगून बसलोय.

याचं संगीतनाटक करावं ही कल्पनाही ओहाराचीच. त्याने संगीतकार रिचर्ड रॉजर्सला चिठ्ठी पाठवली आणि रॉजर्स व गीतकार लॉरेन्झ हार्ट ही जोडी कामाला लागली. १९४० च्या नाताळच्या दिवशी न्यू यॉर्कमध्ये एथेल बॅरीमोर थिएटरात पडदा वर गेला. जोई झाला होता जीन केली, तेव्हा अजून सिनेमात न गेलेला. त्या काळच्या संगीतनाटकांत नायक म्हणजे सज्जन, फार तर थोडा खोडकर. इथे नायक खोटारडा, फुकट्या, बाईच्या पैशावर क्लब काढणारा. आणि नायिका म्हणावी ती बाई लग्न झालेली, श्रीमंत, सगळं समजून उमजून त्याला पोसणारी. ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या नाट्यसमीक्षक ब्रूक्स ॲटकिन्सनने लिहिलं की काम कसबाचं आहे, पण घाण विहिरीतून गोड पाणी कसं निघायचं? हार्ट बिचारा ते वाचून रडला असं सांगतात. १९५२ मध्ये हेच नाटक पुन्हा आलं तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चाललं, पाचशे चाळीस प्रयोग, आणि ॲटकिन्सननेही सूर बदलला. पण हार्ट १९४३ मध्येच गेला होता.

आता गाण्यांकडे येते. ‘आय कुड राइट अ बुक’ तुला फार आवडलं म्हणालीस. मलाही आवडतं, पण नीट बघ तिथे काय केलंय. प्रियकर म्हणतो, तुझ्या चालण्याबोलण्यावर मी अख्खं पुस्तक लिहू शकेन. म्हणतोय कोण? ज्याला चार ओळींचं पत्र धड लिहिता येत नाही तो. ही थाप आहे, याआधी कितीजणींवर वापरून झालेली. रॉजर्सने मात्र चालीत कुठेही डोळा मारलेला नाही. चाल इतकी सरळ, इतकी प्रामाणिक आहे की आपणही त्या पोरीइतकेच फसतो. जोईची मोहिनी म्हणजे हीच: ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं की हा या वेळी खरं बोलतोय. कदाचित त्यालाही वाटत असेल. सिनेमातला जोई म्हणजे फ्रँक सिनात्रा, आणि त्याच्या आवाजात हे आणखीच अवघड होऊन बसतं, कारण त्या माणसाच्या गळ्यातून खोटं बाहेर पडतंय असं वाटतच नाही. केलीचा जोई नाचायचा. सिनात्रा नाचणारा नव्हे, म्हणून सिनेमातला जोई गवई झाला, आणि माझ्या मते तो बदल पथ्यावर पडला.

बाकीचे बदल सांगायचे तर यादी मोठी आहे. शिकागोचं सॅन फ्रान्सिस्को झालं. नाटकातली बरीच गाणी गाळली, आणि रॉजर्स-हार्टच्या दुसऱ्या नाटकांतली आणून बसवली. तू ज्यावर खूश झालीस ते ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ आणि ‘द लेडी इज अ ट्रॅम्प’ ही दोन्ही १९३७ च्या ‘बेब्ज इन आर्म्स’मधली. आणि व्हेरा, म्हणजे ती श्रीमंत बाई, नाटकात नवरा जिवंत असताना हे उद्योग करणारी, इथे विधवा झाली. तेव्हाच्या सेन्सॉरच्या चौकटीत नवऱ्याला मारणं सोपं, ठेवणं कठीण! त्यातच तिला एक पूर्वायुष्य दिलं: ही बडी बाई एकेकाळी रंगमंचावर कपडे उतरवून नाचत असे.

इथूनच माझं भांडण सुरू होतं. व्हेराला तू बिनडोक म्हणतेस? तो धर्मादाय लिलावाचा प्रसंग आठव. तिच्या घरी शहरातली सगळी बडी मंडळी जमलीत आणि जोई भर सभेत तिचं जुनं गुपित उघड करून तिला ‘झिप’ हे गाणं म्हणायला भाग पाडतो. दुसरी कुणी कोसळली असती. ही उठते, गाणं म्हणते, आणि तेही असं की शेवटी हसं होतं ते बघणाऱ्यांचं. मग हिशेब चुकता करायला ती त्याच्या क्लबात येते आणि कार्यक्रम चालू असताना मधेच उठून जाते. जोईची नोकरी त्यामुळे टांगणीला लागते. ती पुन्हा येते ती स्वतःच्या अटीवर. समोर बसून फर्माईश करते, जणू बैठकीतला शेटजी.

आणि ते गाणं, ‘द लेडी इज अ ट्रॅम्प’. सुधा, बाकी सिनेमा विसर, पण ती तीन-चार मिनिटं पुन्हा बघ. नेल्सन रिडलची वाद्ययोजना आहे. सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही, पियानो आणि आवाज. मग हळूहळू पितळी वाद्यं आत यायला लागतात. सिनात्रा ठेक्यावर कधीच बरोबर पाऊल ठेवत नाही. शब्द किंचित मागे ओढतो, मग एकदम पुढे टाकतो. पण तू त्याच्याकडे बघू नकोस, व्हेरा झालेल्या रीटा हेवर्थकडे बघ. ‘बेब्ज इन आर्म्स’मध्ये हे गाणं एक तरुण मुलगी स्वतःविषयी म्हणते: मला श्रीमंतांचे चोचले जमत नाहीत, म्हणून मला लोक वाया गेलेली म्हणतात. इथे ते एक पुरुष एका बाईच्या तोंडावर म्हणतोय, आणि ती बाई तर ते सगळे चोचले पैसे मोजून शिकलेली. म्हणजे प्रत्येक ओळ टोमणा आहे. आणि प्रत्येक ओळ शाबासकीही आहे, कारण तो म्हणतोय, हे दागिने काढले तर खाली तू माझ्याच जातीची. ती आधी रागावते, मग तिला हसू यायला लागतं, ते ती दाबते, मग दाबायचं सोडून देते. तिला कळलंय की हा लबाड आहे. तिला हेही कळलंय की या शहरात आपल्याला ओळखणारा हा एकटाच आहे. याला तू बिनडोकपणा म्हणणार असशील तर म्हण.

एक गोष्ट तुला बहुतेक माहीत नसेल. व्हेरा ही उतारवयाची, आणि तरुण जोईवर भाळलेली, असं कथेत आहे ना? रीटाचा जन्म ऑक्टोबर १९१८ चा, सिनात्राचा डिसेंबर १९१५ चा. ती त्याच्याहून जवळजवळ तीन वर्षांनी लहान! चाळिशीही न गाठलेल्या बाईला ‘वय झालेली’ म्हणून उभं केलं आणि एकेचाळीस वर्षांचा गडी ‘पोरगा’. आपल्याकडेही हेच चालतं म्हणा, नायक पन्नाशीचा आणि त्याची आई त्याच्याच वयाची.

याहून बोचरं पुढे आहे. कोलंबिया स्टुडिओचा मालक हॅरी कोन याने या नाटकाचे हक्क चाळीसच्या दशकातच घेऊन ठेवले होते. तेव्हा रीटा त्याची सर्वांत मोठी तारका होती आणि तिने करायची होती ती लिंडा, भोळी पोरगी. जीन केलीला दुसऱ्या स्टुडिओकडून मागून घेणं महाग पडत होतं म्हणून प्रकरण रखडलं. ते तडीस जाईपर्यंत लिंडाला किम नोव्हॅक आली होती, चोवीस वर्षांची, कोनने रीटाच्या जागेसाठीच घडवलेली. आणि रीटाला मिळाली व्हेरा. तेव्हा पडद्यावर ती किमकडे जे बघते ना, त्यात अभिनय किती आणि बाकीचं किती, हे मला सांगता येणार नाही. नामावलीत मात्र पहिलं नाव तिचंच आहे. सिनात्राने ते तिला आपणहून दिलं असं म्हणतात. एवढ्यासाठी मी त्याचे बाकी पुष्कळ गुन्हे माफ करते.

हो, आणि गाणाऱ्या या दोघी नव्हेत. रीटासाठी जो ॲन ग्रीर गायली, किमसाठी ट्रूडी अर्विन. आपल्याला त्यात काय विशेष? आपण लताबाईंच्या आवाजावर वाढलो. पण हॉलिवूडला ही गोष्ट झाकून ठेवायची असे. तसं आपल्याकडेही ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर आधी गायिका म्हणून पात्राचंच नाव छापलं होतं, कामिनी. तेव्हा आपण फार मिरवू नये. गळा उसना असला तरी रीटाचं ‘बिविच्ड’ बघताना ते जाणवत नाही. सकाळी उठून स्वतःशीच हसत, आळस देत, न्हाणीघरात शिरत जे ती करते ते नर्तकीचं शरीर करतं. तिचे वडील स्पॅनिश नर्तक होते, लहानपणापासून तिला त्यांनी नाचवली. हार्टचे मूळ शब्द मात्र सिनेमात बरेच सोवळे करून घेतलेत. नाटकातली व्हेरा याच गाण्यात अशा गोष्टी बोलते की आपल्या सुलूमावशीने टीव्ही बंद केला असता.

लिंडाबद्दल माझं तुझं फारसं वाकडं नाही. किम सुंदर आहे आणि पटकथेने तिला वाट बघण्यापलीकडे काम दिलेलं नाही. ती आपणहून निघून जावी म्हणून जोई तिला कपडे उतरवायचा नाच करायला लावतो आणि ऐन वेळी स्वतःच तो थांबवतो, तेवढा एक प्रसंग बरा. त्याच्या चांगुलपणाची किंमत म्हणून व्हेरा क्लबला कुलूप लावते. एकदाच भला वागला आणि एकदाच बुडाला!

शेवट मात्र मला मुळीच मान्य नाही. तू म्हणतेस ‘निदान शेवट गोड’. मला तोच खटकतो. गोल्डन गेट पूल, जोई आणि लिंडा हातात हात घालून चाललेत, कुत्राही बरोबर. नाटकात असं काही होत नाही. तिथे दोघी बायका मिळून गातात, बाई तूच घे याला, नको ग, तूच ठेव. व्हेरा ‘बिविच्ड’ची तीच चाल पुन्हा घेते आणि या वेळी सांगते की उतरली एकदाची धुंदी, आता याचं माप मला नीट दिसतंय. आणि जोई? रस्त्यावर एकटा, तरी पुढच्या पोरीच्या मागे निघालेला. काही शिकला नाही, काही सुधारला नाही. दोन्ही बायका शहाण्या निघाल्या. तू त्यांना बिनडोक म्हणालीस तो दोष १९५७ च्या पटकथेचा आहे ग, त्यांचा नाही. सिनात्रासारखा नट एकटा सोडायची स्टुडिओची छाती झाली नाही, एवढंच.

तेव्हा एक कर. विव्हियन सीगल, म्हणजे रंगमंचावरची पहिली व्हेरा, आणि हॅरॉल्ड लँग यांनी १९५० मध्ये या नाटकाची गाणी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली होती. त्या रेकॉर्डवरूनच लोकांना नाटक पुन्हा हवंसं वाटलं आणि ५२ चा प्रयोग उभा राहिला. लेकीला सांग, ती शोधून लावून देईल. त्यातलं ‘टेक हिम’ दोनदा ऐक. मग मला लिही आणि निकाल बदललास की नाही ते कळव. नाही बदललास तर दिवाळीत आलीस की समोरासमोर बघू. येताना गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस, मागच्या वेळी माझाच घेऊन गेलीस.

तुझी,
शैला

ता. क. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’त हीच किम नोव्हॅक याच शहरात पुढच्याच वर्षी दिसते. तोही बघ. बिनडोक बायकांविषयी तिथे तुला बोलायला पुष्कळ मिळेल आणि तिथे मी मधे येणार नाही.