सई, झोपतेस ना?

प्रिय सई,

"पोचले" एवढाच मेसेज आला तुझा. बरं वाटलं वाचून. भांडण उकरून काढायला हे लिहीत नाहीये, आईला तसं कबूल केलंय.

पण मी माझ्या रेल्वेच्या पासावर तुझं यूपीएससीच्या अभ्यासाला दिल्लीला जायचं रिझर्व्हेशन करून ठेवलं होतं, साइड लोअर, तुला आवडते ती, आणि तू म्हणालीस बाबा ट्रेनने एक अख्खा दिवस वाया जातो. मी चिडलो ते तिकिटावरून नाही गं, त्या 'वाया'वरून. २८ वर्षं लोकल चालवली मी, कल्याण-सीएसटी, सीएसटी-कल्याण, रोज तेच रूळ, तरी पावसात मुंब्र्याचा डोंगर हिरवा झाला की मी दरवर्षी नव्याने बघायचो. घरी येऊन तुला सांगायचो, आठवतंय का?

रात्री किती वाजता झोपतेस? खरं सांग. तुझ्या जुन्या जीन्सच्या खिशात आईला झोपेच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप सापडली, तेव्हापासून आम्ही दोघंही नीट झोपलो नाही. डॉक्टरने दिल्यात की मैत्रिणीने? रागावणार नाही, पण सांग.

आमच्या लोकलच्या कॅबमध्ये हँडलवरचा दाब सुटला की गाडीला आपोआप ब्रेक लागतो. डेडमॅन म्हणतात त्याला. मोटरमनला काही झालं तर मागच्या हजारो लोकांना काही होऊ नये म्हणून. तुझ्या हाताखाली तसं काही नाहीये सई, मला त्याचीच भीती वाटते.

सगळंच "पोस्ट मिळाल्यावर" झालंय तुझं. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर चल म्हटलं, तर पोस्ट मिळाल्यावर. नानीला भेटून ये म्हटलं, तर पोस्ट मिळाल्यावर. ओपनला सहा अटेम्प्ट असतात, हा तुझा तिसरा, म्हणजे अजून तीन वर्षं जगायचंच नाही का? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे. त्यातल्या किती जणांचं ठाण्यात काम होतं सांग बरं? लोक गाडीत बसायला आले होते. आणि तू त्याच ठाण्याची, इतिहास घेऊन बसलेली, तुला मी...

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. दादा म्हणतो तसं मी सिग्नल मिळाला की थांबतच नाही.

कुंदाआत्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. कसाऱ्याला घाट चढायला मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं लावतात म्हणून गाडी थांबली, मी तुला कडेवर घेऊन प्लॅटफॉर्मवर उतरलो, तुझ्या एका हातात वडा, दुसऱ्या हाताने त्या इंजिनांना टाटा. मग बोगदे मोजायला लागलीस, अकराला आकडा चुकला की परत एकपासून. नाशिक कधी येणार असं एकदाही विचारलं नाहीस. इगतपुरीला रडलीस मात्र, बोगदे संपले म्हणून. शेजारच्या बाई घाबरल्या, त्यांना वाटलं पोरीचं काही दुखतंय.

गेल्या वर्षी तू मेन्सपर्यंत गेलीस तेव्हा मी अख्ख्या कोपरीत सांगत सुटलो, दूधवाल्यालाही सोडलं नाही. आता वाटतं, तुझ्या डोक्यावरचं ओझं मीच तर वाढवलं नाही ना? तसं असेल तर माफ कर. मला कलेक्टरीण हवी होती हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. पण ती बोगदे मोजणारीच हवी होती.

राजेंद्र नगरच्या त्या खोलीला खिडकी आहे की नाही ते मी विचारलंच नाही. नसेल तर खोली बदल, भाडं जास्त पडलं तरी चालेल, पेन्शन आहे माझी. जेवण सोडू नकोस. चहा-कॉफी रात्री दहानंतर नको. आणि गोळ्यांचं सांग.

दिवाळीची मी परत दोन तिकिटं काढतोय, कारण न्यायला मीच येणार आहे, आईचे लाडू घेऊन. येताना कसाऱ्याला उतरता येईल का ते मात्र गाडी बघून ठरवावं लागेल, सगळ्या नाही थांबत तिथे.

रात्री फोन माझ्या उशाशीच असतो. दोन वाजता केलास तरी उचलेन, पण आधी जागी का आहेस हेच विचारेन.

तुझा,
बाबा