मतदानाच्या टक्क्यापुढची मोजणी

महोदय,

महापालिका निवडणुकीत मतदानाच्या टक्केवारीची चर्चा होते आणि बहुधा तिथेच थांबते. शहराची लोकशाही कितपत जिवंत आहे, हे जोखायला मात्र ती पुरत नाही. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये, तर ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन राज्यघटनेने घातलेले असतानाही त्यानंतर काही वर्षे दोन्हीकडे प्रशासकच कारभार पाहत राहिले आणि अर्थसंकल्प नगरसेवकांच्या चर्चेविना मंजूर होत गेले. (करवसुली अर्थातच थांबली नाही.) मोजणीचा पहिला रकाना या वर्षांचा असावा.

दुसरा प्रभाग समित्यांचा. ३ लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत त्या असाव्यात, असे १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने ठरवले. पण समिती कागदावर असणे वेगळे आणि तिच्या बैठकीची तारीख रहिवाशांना आधी कळणे, घणसोलीतल्या एखाद्या तुंबलेल्या गटाराचा प्रश्न कुणी मांडला व त्यावर काय ठरले हे इतिवृत्तात वाचता येणे वेगळे. नगरसेवकांची हजेरी, त्यांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांच्या निधीचा कामनिहाय खर्च हे सारे दोन्ही महापालिकांनी दर तिमाहीला संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे. त्यासाठी नवे सर्वेक्षण नको. या नोंदी सचिव आणि लेखा विभागांच्या दप्तरी असायलाच हव्यात.

– एक करदाता, कोपरखैरणे