पेनड्राइव्ह कोणाकोणाचे लागतात, असं विचारणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

माझ्या दुकानाचा कॉम्प्युटर निवडून, लावून दिलात, पण तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाही अर्धाच घेतला आणि ‘आभार-बिभार राहू द्या ताई’ म्हणत गाडीला किक मारून निघून गेलात. म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण नागपुरात महालात, बर्डीवर, कोर्टाच्या आजूबाजूला माझ्यासारखी टायपिंगची, डीटीपीची, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि जो प्रश्न माझ्यापुढे होता, विंडोज १० नंतर कोणतं मशीन आणि कोणती सिस्टीम घ्यायची, तोच त्यांच्यापुढेही आहे. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. ते तुम्हाला आवडायचं नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली. माझं मशीन सहाव्या पिढीच्या इंटेल आय३ प्रोसेसरचं. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि मशीन सुरू होताना सिस्टीम अस्सल आहे का ते तपासणारं सिक्युअर बूट लागतं. मशीनची तशी काही तक्रार नव्हती. मोठी पत्रिका उघडायला वेळ घ्यायचं, पण चालायचं. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव सोय ठेवलीय, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. लगेच पुढे म्हणालात, ‘त्यानं प्रश्न सुटत नाही ताई, वर्षभर पुढं ढकलला जातो.’

तुम्ही येण्याआधी मी बाजारात विचारून आले होते. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न, बजेट किती. दुसरा, मॉनिटर केवढा पाहिजे. एका दुकानात तर ‘विंडोज आम्ही टाकूनच देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत’ असं मोठ्या कौतुकानं सांगितलं. पुण्याहून भाच्याने फोनवर निकाल देऊन टाकला: विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाक, त्याला व्हायरस येत नाही. नणंदेचा मुलगा मॅकवाला, त्याच्या लेखी बाकी सगळं भंगार. सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. माझ्या दुकानात काम काय चालतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

तुम्ही मात्र स्टुलावर बसल्या बसल्या विचारलंत, ‘कॉम्प्युटर कोणता घ्यायचा ते मागून पाहू. आधी सांगा, दिवसभरात कोणाकोणाचे पेनड्राइव्ह लागतात याला?’

कोणाचे लागत नाहीत! विद्यापीठातली प्रबंधवाली मुलं, वकिलांचे ज्युनियर, महाडीबीटीची स्कॉलरशिप भरायला आलेले, लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आलेले मुलीचे काका. यातले बरेचसे पेनड्राइव्ह त्याच दिवशी आणखी कुठल्या कुठल्या दुकानांतून फिरून आलेले असतात. मग तुमचा दुसरा प्रश्न: ‘आणि या लोकांचं काय काय तुमच्यापाशी राहून जाते?’ आपण दोघांनी डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. आधार कार्डं, मार्कशीट, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, जातीचा दाखला. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं माउसचं चाक खाली फिरवत राहिलात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो असं मी म्हटलं, तेव्हा हसलात. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल, हे सगळ्या देशाला माहीत आहे, आणि माझ्याकडे त्याच माणसाची मार्कशीट शेजारीच पडलेली!

भाऊ, खरं सांगू का, मशीन निवडायचं काम तिथेच निम्मं झालं होतं. कोणती सिस्टीम सगळ्यात सुरक्षित, हा प्रश्न भाचा आणि नणंदेचा मुलगा भांडायला वापरतात. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता: माझ्या दुकानात धोका कुठून शिरतो आणि शिरला तर कोणाचं नुकसान होतं. माझं होईल ते होईल, पण ज्याने विश्वासानं आधार कार्ड दिलं, त्याचं काय?

ते ‘वेगळे पैसे नाहीत’वालं विंडोज तुम्ही पहिल्या फटक्यात बाद केलंत. फुकटचं म्हणून नाही. ते चालू करायला जे टूल वापरतात ते बरेचदा आधी डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद करायला सांगतं, आणि पुढे हा क्रॅक निघून जाऊ नये म्हणून बरेचदा अपडेटही बंद करून ठेवलेली असतात. हे ऐकताना मला वॉनाक्राय आठवला, फाइली लॉक करून खंडणी मागणारा तो व्हायरस. मे २०१७ मध्ये जगभर मशीनं लॉक झाली, पेपरात मोठे मथळे आले. पण ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, हे तुम्ही सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. सापडलेली बहुतेक मशीनं विंडोज ७ ची होती, ती अपडेट न घेतलेली.

लिनक्सबद्दल मात्र तुम्ही भाच्यापेक्षा जास्त न्यायानं बोललात. सॉफ्टवेअर एका ठरलेल्या भांडारातून येतं, इकडून तिकडून उतरवावं लागत नाही. बाहेरून आलेली फाइल आपसूक प्रोग्राम म्हणून चालत नाही, तशी परवानगी द्यावी लागते. शिवाय घरातल्या, दुकानातल्या लिनक्सवर नेम धरणारे कमी. हे सगळं मान्य करून मग तुम्ही मार्च २०२४ ची एक्सझेडची गोष्ट सांगितलीत. लिनक्समध्ये सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या त्या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून, आतला माणूस होऊन चोरदरवाजा बसवला होता. तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्याने तेवढ्यावरून खोदायला घेतलं. अर्धा सेकंद! आमच्याकडे अर्धा तास मशीन लटकलं तरी आम्ही ‘उन्हाळा आहे’ म्हणून सोडून देतो.

मॅकवर आपण फार वेळ घालवला नाही. चांगलं मशीन, पण आपण एखादं मॉडेल घेतलं तर त्याला सुरक्षा अपडेट नक्की कुठल्या तारखेपर्यंत मिळणार हे अॅपल आधी जाहीर करत नाही, आणि माझं निम्मं काम त्यावर चालणारच नव्हतं.

गाडी खरी अडली ती या कामापाशीच. वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. पत्रिकांचे नमुने, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, सगळं युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठी टायपिंगच्या, आधीचं. तो फॉन्टचा पॅकेज विंडोजवरच चालतो आणि त्याला यूएसबीत लावायचं कंपनीचं लॉक लागतं. लिनक्सवर वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम चालवायचं सॉफ्टवेअर, टाकून तुम्ही चालवून पाहिलंत. पॅकेज उघडला, पण लॉक काही त्याने ओळखलं नाही. मग तुम्ही सरळ म्हणालात, विंडोज ११ घ्या, पण लायसनचं घ्या. मशीनसोबत येणारं ओईएम लायसन त्या मशीनच्या मदरबोर्डाला बांधलेलं असतं आणि वेगळं विकत घेतलेलं रिटेल दुसऱ्या मशीनवर नेता येतं, हा फरकही तेव्हाच कळला. विंडोजची प्रो आवृत्ती घ्यायला लावाल असं वाटलं होतं, तर तुम्हीच अडवलंत. माझ्यासारखीला होम पुरेसं, डिस्क एन्क्रिप्ट व्हायची, म्हणजे किल्लीशिवाय कोणाला वाचता येऊ नये अशी सोय त्यातही आहे. त्याची रिकव्हरी की छापून घरच्या कपाटात ठेवायला लावलीत, दुकानात नाही.

त्या वेळी जाता जाता एक गोष्ट बोललात, ती मला सगळ्यात जास्त लागली. ‘आता फॉन्टपायी विंडोज घ्यावं लागून राहिलं ना? मग नवीन मजकूर तरी युनिकोडात टाइप करा, म्हणजे पुढच्या वेळी मशीन तुमच्या मर्जीनं घेता येईल.’ सुरक्षा म्हणजे व्हायरस एवढंच माझ्या डोक्यात होतं. आपलाच मजकूर एका कंपनीच्या लॉकमध्ये अडकलेला असणं हाही धोकाच, असा विचार कधी केला नव्हता. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर बोटं अजून अडखळतात, ‘क्ष’ला दरवेळी थांबावं लागतं, पण नवीन भाडेकरार आता युनिकोडातच होतात.

आणि जुनं आय३? ते मी विकायला काढलं होतं. तुम्ही त्यावर लिनक्स मिंट टाकलंत, एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणारं, आणि काउंटरला लावून दिलंत. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आता तिथेच लागतो, नव्या मशीनला कधीच नाही. त्याचा गुण पहिल्याच प्रबंधवाल्या मुलीच्या वेळी दिसला. तिच्या पेनड्राइव्हवर सगळी फोल्डरं ‘शॉर्टकट’ होऊन बसली होती. आधीच्या दुकानात तिला सांगितलं होतं की डेटा उडाला, फॉरमॅट मारावं लागेल. पोरगी रडकुंडीला आलेली. मिंटवर उघडलं तर प्रत्येक फोल्डरच्या नावापुढे ‘डॉट एलएनके’ लागलेल्या बारक्या बारक्या फाइली स्पष्ट दिसत होत्या आणि सगळ्यांत वर एक बिननावाचं फोल्डर. नाव म्हणून नुसती मोकळी जागा. त्याच्या आत पहिल्या प्रकरणापासून संदर्भसूचीपर्यंत सगळा प्रबंध जागच्या जागी. विंडोजमध्ये तो लपवलेला असतो, आणि माणूस शॉर्टकटवर क्लिक करतो तेव्हा आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतं, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. मिंटला त्या लपवण्याचं सोयरसुतकच नाही.

मिंटवर लावलं म्हणून फाइल शुद्ध होत नाही, हे तुम्ही बजावून ठेवलंय ते लक्षात आहे. वर्डच्या फाइलीत मॅक्रो, म्हणजे आत दडलेला छोटा प्रोग्राम, असू शकतो, आणि पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलीला इंटरनेटवरून आलेल्या फाइलीसारखा इशाऱ्याचा शिक्का नसतो. म्हणून तिथेच लिबर ऑफिसात उघडायची, तिथूनच प्रिंट द्यायची. नव्या मशीनवर न्यायचंच असलं तर मजकूर तेवढा न्यायचा, फाइल नाही. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त कामं काउंटरवरच आटपतात. नवं मशीन पत्रिका आणि करारांना मोकळं राहतं.

नव्या मशीनवर रोजच्या कामाला साधं खातं आणि अॅडमिन वेगळं, हे मला आधी कटकटीचं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘गल्ल्याची चावी कामाच्या पोराला देता का?’ विषय संपला. फाइलीचं शेपूट दिसेल अशी सेटिंग केलीत तेही बरं. ‘पत्रिका डॉट पीडीएफ’ म्हणून मेलवर आलेली फाइल खरी ‘डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असू शकते आणि विंडोज मूळ सेटिंगमध्ये ते शेवटचं शेपूट लपवून ठेवतं. पत्रिका छापणाऱ्या बाईला पत्रिकेच्या नावाखालीच फसवायचं, म्हणजे कमालच म्हणायची.

डिफेंडरमधली फोल्डर राखायची सोय मुळात बंद असते, ती तुम्ही चालू केलीत, आणि दुसऱ्या दिवशी कोरल ड्रॉ पत्रिका सेव्हच करेना! लग्नसराई, मुलीचे वडील समोर उभे, आणि मी मनातल्या मनात तुमचा उद्धार करतेय. फोनवर तुम्ही कोरलला परवानगी कशी द्यायची ते सांगितलंत आणि काम झालं. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवते. लावलेलीच राहिली तर खंडणीवाला व्हायरस तिच्यावरच्या फाइलीही लॉक करतो, हे डोक्यात पक्कं बसलंय.

बाकी सोळा जीबी रॅम, एसएसडी वगैरे तुम्ही जे लिहून दिलंत ते तसंच घेतलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सीपीयू कूलरच्या झोतातून हलवला. नागपूरच्या मे महिन्यात ओल्या हवेचा तो झोत माणसाला लागतो, मशीनला नको, हे इतकी वर्षं या दुकानात येणाऱ्या एकाही मेकॅनिकने सांगितलं नव्हतं.

एका बाबतीत मी तुमचं ऐकत नाहीये, तेही इथेच सांगते. तुम्ही म्हणालात गिऱ्हाइकांची कागदपत्रं रोज संध्याकाळी पुसा. भाऊ, ते जमत नाही. माणूस दुसऱ्या दिवशी ‘ताई, एक कॉपी अजून’ म्हणून येतोच, आणि हिंगण्याहून, कामठीहून बसनं आलेल्याला परत पाठवणं मला बरं वाटत नाही. मी शनिवारी पुसते. आधार कार्ड मात्र प्रिंट निघाल्याबरोबर जातं, आणि ज्याला चालतं त्याला मास्क केलेलं आधार काढून देते, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

तुमच्या हातून जे झालं त्याचे पैसे किती झाले असते, मला अंदाज आहे. ते तुम्ही घेणार नाही, म्हणून निदान घरच्या कार्याची पत्रिका आमच्याकडून छापून घ्या, आणि त्या वेळी मीही पैसे घेणार नाही.

आणि एक काम आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांचं मशीन सातव्या पिढीचं आहे, विंडोज १० च आहे आणि त्यांच्या काउंटरवर माझ्या दुप्पट पेनड्राइव्ह लागतात. मिंटवर सापडलेला तो प्रबंध पाहिल्यापासून ते रोज तुमचा नंबर मागताहेत. तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही. हो म्हणालात तर देते. सकाळी अकराच्या आत या, त्यानंतर त्यांच्याकडे उभं राहायला जागा नसते. आणि या वेळी चहा पूर्ण घ्यायचा.

तुमची,
महालातली टायपिंगवाली ताई