इसार परत मागायला लाजू नका

पुणे, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

ज्या घराच्या सौद्यासाठी तुम्ही इसाराचे आगाऊ पैसे दिलेत, तिथल्या बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट काल आला. शंका मला होतीच. दिवाळीत घर बघायला गेलो तेव्हा परसातल्या नळाखाली मी पांढरा रुमाल धरला होता. तो वाळला आणि कडेला फिकट निळी रेघ उमटली. त्या जागेवर पूर्वी सूत रंगवायचा कारखाना होता हे शेजारच्या काकूंकडून कळलं, मालकांकडून नाही.

क्रोमियम लिटरला ०.२ मिलिग्रॅम निघालंय. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात मर्यादा ०.०५ आहे. आई, उकळून ते जात नाही. पाणी आटतं, धातू तेवढाच राहतो. आरओ बसवला तरी अंघोळ, भांडी आणि तुझी मेथी-शेपू यांना तो कुठून पुरणार? नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या सोलापुरात बोअर म्हणजे अर्धा संसार.

बाबा, शब्द दिलाय, मागं कसं फिरायचं, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तुमचा शब्द मी लहानपणापासून पाहिलाय. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्यालाही बांधतं: त्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष त्यानं सांगायलाच हवा. कारखाना तर मालकांच्या वडिलांचाच होता.

किंमत पाडून घ्या, असं मामा म्हणतो. मला ते अजिबात पटत नाही. रंगाचं पाणी किती खोल मुरलंय हेच माहीत नसताना किती पाडायची? माती तपासणं, खराब माती उपसणं, बोअरची पुन्हा तपासणी, हे सगळं मालक स्वतःच्या खर्चानं करून देणार असतील आणि तसं लिहून देणार असतील, तर इसाराची मुदत वाढवून थांबू. पण जमिनीखालचं पाणी असं सहजी साफ होत नाही. माझं मन घर सोडण्याकडेच आहे.

इसारपावती आधी वकिलांना दाखवा, व्यवहार मोडला तर पैशांचं काय हे तिच्यात कसं लिहिलंय ते महत्त्वाचं. मूळ पावती कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. पैसे खात्यात आल्याशिवाय व्यवहार रद्द केल्याच्या कागदावर सही नको. आणि तोवर पुढचा एक रुपयाही नाही, बाबा, एवढं ऐका.

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघते. शनिवारी तिघं मिळून मालकांकडे जाऊ. बोलायचं ते मी बोलेन.

तुमची,
रेणू