लाटांची वीज आणि वारा पडलेली रात्र

संपादक महोदय,

खोल समुद्रातली मत्स्यशेती लाटांच्या विजेवर चालावी, हा आग्रह रास्तच आहे. मात्र वर्षाला किती युनिट मिळतील एवढ्यावरच यंत्रणा बेतली, तर मासे दगावण्याची भीती आहे. हिशेब धरायचा तो वारा पडलेल्या उबदार रात्रीचा.

लाटेतली ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते. २ मीटर उंचीच्या आणि दर ८ सेकंदांनी येणाऱ्या लाटांत मीटरभर रुंदीला साधारण १६ किलोवॉट असतात. उंची अर्धा मीटर आणि दोन लाटांमधला वेळ ५ सेकंद झाला की जेमतेम ०.६ किलोवॉट. नेमका अशाच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. कोमट पाण्यात तो कमी विरघळतो, लाटांची घुसळण नसते आणि रात्री शेवाळही तो वापरतच राहते. म्हणजे पाण्यात हवा सोडणारी यंत्रे सर्वांत जास्त लागतात, तेव्हाच वीज नसते!

प्रवाहावरच्या टर्बाइनचेही तसेच. सेकंदाला अर्धा मीटर वेग माशांना मानवतो, पण त्यात दर चौरस मीटरला ६४ वॉटच असतात आणि हाती त्याचा तिसरा हिस्सा लागतो. २ मीटर वेगाला ४ किलोवॉट असतात खरे, पण तिथे माशांच्या पिंजऱ्याचे जाळे आडवे पडते.

१० किलोवॉटची हवायंत्रे १० तास चालवायला १०० युनिट लागतात. बॅटरी २० टक्क्यांखाली उतरवायची नाही, म्हणून ती किमान १२५ युनिटची आणि सूर्यास्ताला पूर्ण भरलेली हवी. त्यासाठी सौरपॅनेल सोबत हवीतच; चीनच्या 'पेंगहू' या २०१९ च्या तरंगत्या मत्स्यशेतीवर लाटा आणि ऊन दोन्ही वापरतात. डिझेल जनरेटरही काढू नये. मात्र कमी भारावर दिवसभर चालवला की त्यात न जळलेले इंधन आणि काजळी साचते. ७०-८० टक्के भारावर दोन-तीन तास चालवून बॅटरी भरावी आणि बंद करावा.

बिघाड बहुधा केबलमध्ये होतो, तोही ती तरंगत्या यंत्रात शिरते तिथे. ८ सेकंदांच्या लाटेत ती दिवसाला दहा हजारांहून जास्त वेळा वाकते. तिथे जाड रबरी बाही आणि पाण्यात सैल वळसा हवाच. यंत्राच्या नांगराचे दोर पिंजऱ्याच्या दोरांना कधीही बांधू नयेत. वादळातल्या हिसक्याने जाळे फाटते आणि मासे निसटतात.

अशा प्रकल्पांना मंजुरी देताना वार्षिक युनिटांच्या आकड्याशेजारी सलग तीन शांत रात्रींत किती वीज मिळेल आणि किती लागेल याचा तासागणिक तक्ता मागावा, ही विनंती.

– सागरी मत्स्यशेतीच्या वीजयंत्रणेवर काम करणारे तंत्रज्ञ