आमच्या पेंटर काकाजींना, नागपूरहून

काकाजी,
सप्रेम नमस्कार.

इथे उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आले मी. फोनवर आपलं बोलणं धान, पाऊस आणि आईची तब्येत यातच संपतं, आभाराचं राहूनच जातं. ब्रह्मपुरी-वडसाकडच्या आणखी पोरापोरींच्या घरी हे वाचलं जावं, म्हणून उघडच लिहिते.

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली की दहावीत ७ गुण वाढतात, चित्रकलेचा आमच्या घरी एवढाच उपयोग माहीत होता. बारावीनंतर मी बीएफएचं, म्हणजे कलेच्या पदवीचं, नाव काढलं आणि बाबांनी डीएडचा अर्ज आणला. तुम्ही त्यांना पानठेल्यावर बसवून घेतलं. बिस्किटाचा पुडा, गोळ्यांची पट्टी, बाबांच्याच सायकलला अडकवलेली धानाच्या बियाण्याची पिशवी, एकेक त्यांच्या हातात देत विचारलं, "हे कोनं काढलं असंन, सांगा बरं?" बाबा घरी आले ते फॉर्मची तारीख विचारतच.

तेव्हा फ्लेक्समुळे तुमचीच कामं आटली होती. दुकानांच्या पाट्या गेल्या, निवडणुकीच्या भिंती गेल्या, झाडीपट्टीच्या नाटकांचे बॅनरही छापून यायला लागले. तरी या कलेत पोरीचं भलं होईल, असं तुम्ही छातीठोक सांगितलं. ते सांगताना तुम्हाला काय वाटलं असेल, हे आता मनात येतं आणि डोळे भरतात.

बीएफएच्या प्रवेशाच्या सीईटीला वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान. शहरातली मुलं क्लास लावून येतात. माझा क्लास म्हणजे तुमचा ओटा. स्मरणचित्रासाठी तुम्ही मला धानाची रोवणी चाललेल्या बांधीवर पाठवायचे. परतले की प्रश्न सुरू. पऱ्ह्यांची जुडी कोणत्या हातात होती? पदर कुठे खोचला होता? पायाचा घोटा दिसत होता की चिखलात होता? उत्तर आलं नाही की, "जाय, पाहून ये." पेपरात मी रोवणीच काढली.

पहिल्या वर्षी अक्षरलेखनाच्या तासाला सगळे पट्टीने रेघा आखत होते. मी खडू लावलेला दोरा ताणला, टिचकी मारली, मनगट काठीवर टेकवलं आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे खांद्यातून हात फिरवला. सरांनी सगळा वर्ग माझ्या टेबलाभोवती उभा केला आणि परत करून दाखवायला लावलं. शीटचा, रंगांचा खर्च, सबमिशनची जागरणं, ज्यूरीपुढे थरथरणं, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पण गावाकडची म्हणून मला कधी मागे उभं राहावं लागलं नाही, ते त्या दिवसामुळे.

आता शेवटच्या प्रकल्पात मी तुमच्या अक्षरांवरून देवनागरी फॉन्ट करते आहे. मार्गदर्शक मॅडमना तुमच्या 'ळ'चं पोट फार आवडलं. तुमची परवानगी आणि तुमचं नाव, दोन्ही त्यावर हवं आहे. देवनागरी फॉन्टला जोडाक्षरं फार लागतात, आणि 'ज्ञ', 'ष्ठ', 'द्ध' मला आपल्या गावातल्या उरल्यासुरल्या भिंतींवर सापडले नाहीत. ते तुमच्या हातून लिहून घ्यायला दिवाळीत येते. रंग मी आणते, टर्पेंटाइन तेवढं आणून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी