हरकतींचा आकडा म्हणजे लोकसहभाग नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्तारुंदी, उड्डाणपूल, मेट्रो किंवा बीआरटी (बससाठीची स्वतंत्र मार्गिका) यांविषयीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असते, ते म्हणजे प्रस्तावावर इतक्या हजार हरकती व सूचना आल्या असून त्यांवर सुनावणी पूर्ण झाली आहे. लोकसहभागाचा पुरावा म्हणून प्रशासन हा आकडा पुढे करते आणि आपणही तो मुकाट्याने मान्य करतो. या आकड्यावरून आवक किती झाली एवढेच समजते. नागरिकांच्या म्हणण्यामुळे आराखड्यात काय बदलले, याचा त्यातून काहीच बोध होत नाही. वाहतूक नियोजनातील लोकसहभाग कितपत परिणामकारक ठरला, हे मोजण्याची पद्धत महापालिकांनी आता तरी ठरवावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर सुमारे 87 हजार हरकती-सूचना दाखल झाल्या. शहरातील रस्ते, रस्तारुंदी आणि वाहतुकीसाठीची आरक्षणे त्यातून ठरणार असल्याने एवढा प्रतिसाद स्वाभाविक होता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे नियोजन समितीने सुनावण्या घेऊन अहवाल दिला. पुढे 2015 मध्ये राज्य सरकारने आराखडा स्वतःकडे घेतला, वेगळी समिती नेमली आणि जानेवारी 2017 मध्ये त्याचा बराचसा भाग मंजूर केला. या कायद्याने नागरिकाला म्हणणे मांडण्याची संधी दिली आहे, परंतु त्याच्या प्रत्येक मुद्द्याला सकारण लेखी उत्तर देण्याचे बंधन प्रशासनावर घातलेले नाही. त्यामुळे एकाच मजकुराच्या शेकडो छापील प्रती आणि एखाद्या चौकाचा महिनोन्महिने अभ्यास करून दिलेली एखादी सूचना यांची वासलात सारख्याच पद्धतीने लागू शकते, आणि ज्याने कष्ट घेतले त्याला पुढच्या वेळी अर्ज करावासा वाटत नाही. हे नुकसान कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही.

सकारण उत्तराची कल्पना आपल्या व्यवस्थेला नवी नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार होणाऱ्या जनसुनावणीचे चित्रीकरण करावे लागते, लोकांनी मांडलेल्या मतांचा गोषवारा त्याच सभेच्या शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो, आणि लोकांचे मुद्दे व त्यांवरील प्रकल्पकर्त्याचे म्हणणे यांचे विवरण स्थानिक भाषेत व इंग्रजीत तयार करावे लागते. या तरतुदी चांगल्या आहेत. मात्र त्याच अधिसूचनेत सुनावणीसाठी गणसंख्येची अट नाही, आणि मेट्रो प्रकल्प तर ती ज्यांना लागू होते त्या प्रकल्पांच्या यादीतच नाहीत.

अमेरिकेतील महानगर नियोजन संस्थांवर याहून पुढची जबाबदारी आहे. तेथील संघराज्याच्या नियमांनुसार लोकसहभागाची लेखी योजना करावी लागते आणि ती स्वीकारण्यापूर्वी किमान 45 दिवस अभिप्राय घ्यावे लागतात. वाहतूक आराखड्याच्या मसुद्यावर लक्षणीय अभिप्राय आले, तर त्यांचे पुढे काय केले याचा अहवाल अंतिम आराखड्यातच द्यावा लागतो. शिवाय सहभागासाठी वापरलेल्या पद्धती परिणामकारक ठरल्या का, याचा ठरावीक काळाने आढावा घेणे या संस्थांना बंधनकारक आहे. या नियमांमुळे तिथले सगळे रस्ते लोकांच्या मनासारखे झाले, असा माझा मुळीच दावा नाही. तरीही स्वतःच्या सुनावण्यांची परीक्षा स्वतः घ्यायची आणि ती जाहीर करायची, हे तत्त्व मला फार मोलाचे वाटते.

माझ्या मते सर्वांत आधी तपासावी ती वेळ. मार्ग नक्की झाला, सविस्तर प्रकल्प अहवाल तयार झाला, निविदा निघाली आणि मग सूचना मागवल्या, तर त्या सुनावणीला हजारो लोक आले तरी तिची परिणामकारकता शून्यच धरली पाहिजे. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकात उभारलेले उड्डाणपूल बांधून पंधरा-एक वर्षे होत नाहीत तोच 2020 मध्ये मेट्रो मार्गिकेच्या कामासाठी पाडावे लागले. या चौकातून पुढे मेट्रो न्यायची झाली तर या पुलांचे काय होईल, हा प्रश्न पर्याय खुले असतानाच जाहीरपणे विचारला जाण्याची आणि त्याचे उत्तर नोंदले जाण्याची पक्की व्यवस्था प्रत्येक प्रकल्पात असली पाहिजे.

दुसरे, सहभागी कोण झाले हे पाहावे. सुनावणी कामाच्या दिवशी दुपारी ठेवली की ज्यांची जागा रुंदीकरणात जाते ते मालक येतात, दुकानासमोरचे पार्किंग जाईल या काळजीने व्यापारी येतात, आणि त्यांचे येणे योग्यच आहे. पण पीएमपीच्या बसने रोज प्रवास करणारे लाखो लोक, धुण्याभांड्याच्या कामासाठी दोन बस बदलणाऱ्या महिला, पदपथावरून शाळेत जाणारी मुले, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती यांच्यापैकी कोण आले? उपस्थितांपैकी किती जण बसने, किती पायी आणि किती मोटारीने फिरतात, याची नोंद घेऊन ती शहरातील प्रत्यक्ष प्रवासाच्या प्रमाणाशी ताडून पाहणे अवघड नाही. तफावत दिसली, तर अधिकाऱ्यांनी नकाशे घेऊन बसथांब्यांवर आणि वस्त्यांत जावे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. जास्तीत जास्त हरकती मान्य होणे म्हणजे सहभाग यशस्वी होणे, असे मी मानत नाही. बससाठी स्वतंत्र मार्गिका किंवा रुंद पदपथ करताना मोठ्या आवाजातला विरोध कधी कधी फेटाळावाच लागतो. तो कोणत्या कारणाने फेटाळला, हे आकडेवारीसह लिहून द्यावे, एवढीच अपेक्षा आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नेही लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित तथ्ये प्रसिद्ध करण्याची आणि बाधित व्यक्तींना निर्णयांची कारणे देण्याची जबाबदारी प्रशासनावर टाकलेली आहे.

म्हणून माझी मागणी अशी की, प्रत्येक मोठ्या वाहतूक प्रकल्पाचा कार्यादेश देण्यापूर्वी आलेले मुद्दे विषयवार मांडून कोणता स्वीकारला, कोणता अंशतः स्वीकारला, कोणता का नाकारला आणि नकाशात नेमका कुठे बदल झाला, याचा तक्ता मराठीत संकेतस्थळावर व क्षेत्रीय कार्यालयात लावावा. वर्षभराने हरकतदारांपैकी काहींना गाठून प्रक्रियेविषयी त्यांचे मत महापालिकेबाहेरच्या एखाद्या शैक्षणिक संस्थेकरवी विचारावे आणि ते निष्कर्ष मुख्य सभेपुढे ठेवावेत. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे की, यापुढे सुनावणीची बातमी देताना हरकतींच्या संख्येसोबत त्यांमुळे आराखड्यात झालेल्या बदलांची संख्या प्रशासनाकडे मागावी, आणि ती मिळाली नाही तर तसेही छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे